चंद्राशेजारी शनी

पत्रिका घरात येण्याआधी मी मायच्या कुशीत झोपत होते. आमचं घर मातीचं, कवेलूंच्या छपराचं, वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलापासून बरंच आत, धानाच्या खाचरांना, आमच्या भाषेत बांध्यांना, लागून. पुढे सपरी, मधे चूल आणि धान्याची खोली, मागे सांदवाडी, म्हणजे परसदार, आणि तिच्या टोकाला बैलांचा कोठा. बाबा सपरीत खाटेवर झोपायचे, त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, धान्याच्या खोलीत, आणि आम्ही दोघी चुलीजवळ, जिथे जमीन पहाटेपर्यंत ऊबदार राहायची. मायच्या अंगाला कोंड्याचा, धुराचा आणि खोबरेल तेलाचा मिळून एक वास होता. झोपेत ती माझा कान दोन बोटांत धरून ठेवायची, कसा कोण जाणे, पण सकाळी उठले की तोच कान गरम लागायचा. मी एकुलती एक उरले होते. माझ्यानंतर मायला दोन बाळं झाली, एक जन्मतःच गेलं, दुसरं बारशाआधी. त्यानंतर तिला मधूनमधून ताप यायचा, आठ-आठ दिवस अन्न जायचं नाही, आणि आत्या लाखोळीच्या डाळीचं पाणी वाटीत घेऊन तिच्या उशाशी बसून राहायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे आलं त्यावरून आत्या दुष्ट होती असं कोणाला वाटू नये. ती मायवर जीव टाकायची. म्हणूनच तिनं ते सगळं केलं.

मोहाडीच्या बाजाराला आत्या गेली की तिथल्या एका पत्रिका पाहणाऱ्या महाराजांना भेटून यायची. मायच्या दुखण्याचं कारण कोणाच्या तरी ग्रहांत असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मायची पत्रिका कधी कोणी केलीच नव्हती, बाबांच्यात काही सापडलं नाही, मग माझी करायला टाकली. जन्मवेळ आत्यानंच सांगितली, दिवेलागणीची, गायी घरी परतल्या तेव्हाची. काही दिवसांनी महाराज आमच्या गावात कोणाकडे पूजेला आले आणि उन्हं वर आल्यावर आमच्या सपरीत टेकले. मी खाली बसून सुपात डाळ निवडत होते. माय आत भात वैरत होती. महाराजांनी कागद गुडघ्यावर पसरला. लाल शाईनं काढलेली चौकट, तिच्यात तिरप्या रेघा, प्रत्येक घरात बारीक अक्षरं. मला ती आमच्या अंगणातल्या खेळाच्या घरांसारखी वाटली आणि मी मान वर करून बघू लागले.

“हे चौथं स्थान,” महाराज म्हणाले. “मातेचं. इथं चंद्र आहे, आणि चंद्र हाही मातेचाच कारक. आता त्याच्या शेजारी, त्याच राशीत, शनी येऊन बसलाय.”

“मंग?” आत्यानं विचारलं.

“दोघांची युती झाली. चंद्र मऊ, पाण्यासारखा. शनी थंड, जड. शास्त्रात या युतीला विषयोग म्हणतात.”

विष हा शब्द मला कळला. कोठ्यात वरच्या फळीवर धानावर मारायच्या औषधाचा डबा होता, त्यावर कवटीचं चित्र होतं आणि त्याला हात लावला की बाबा पाठीत धपाटा घालायचे. महाराज पुढेही बरंच बोलले. नाव ऐकून घाबरू नये, अशी माणसं सोशिक निघतात, कष्टाळू निघतात, गुरूची दृष्टी असती तर दोष कमी झाला असता, शनिवारी मारुतीला तेल घालावं. पण आत्याला हे ऐकायचंच नव्हतं.

“महाराज, सरळ सांगा. या पोट्टीपायी हिच्या मायले काई होईन काय?”

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. भला माणूस असावा, कारण लगेच नजर काढून घेतली आणि कागदाची घडी घालू लागले. घडी घालून झाली, कागद आत्याच्या हातात दिला, आणि मग एकच शब्द म्हणाले.

“जपावं.”

त्या एका शब्दावर आत्यानं आमचं घर नव्यानं लावलं. माझं अंथरूण धान्याच्या खोलीत गेलं. मायच्या ताटात जेवायचं नाही, तिचं उष्टं पाणी प्यायचं नाही, ती आजारी असेल तेव्हा उंबऱ्याच्या आत यायचं नाही, आणि शनिवारी माध्यान्ह होईपर्यंत तिला तोंड दाखवायचं नाही. बाबा मऊ स्वभावाचे. दोन बाळं आपल्या हातांनी पुरून आलेला माणूस तो, त्याला नाही म्हणायचं बळ कुठून यावं? ते फक्त म्हणाले, “काई दिवस कर बाई तुह्या मनासारखं.” आणि माय काहीच बोलली नाही. सून होती, वरून दुखणाईत, आणि रांधून वाढणारी नणंद समोर उभी. मी मात्र तिच्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला, की तीही मला भिते.

शनिवारी सकाळी मी कोठ्यात बैलांजवळ बसून असायची. तिथून घरातले आवाज ऐकू यायचे. माय भांडी घासते आहे, माय खोकते आहे, माय विहिरीवर गेली. खोकला आला की मी आठवत बसायची. मी काल तिच्या जवळून गेले होते का? तिच्या लुगड्याला माझा हात लागला होता का? एकदा मी कोठ्याच्या भिंतीशी मुंग्यांची रांग पाहिली आणि तिच्यावर थुंकले, माझ्यात खरंच विष आहे का ते बघायला. दोन-चार मुंग्या त्यात बुडाल्या आणि हलेनात. आज हसू येतं, कोणाच्याही थुंकीत मुंगी बुडणारच. पण त्या दिवशी मी तिथून जी पळाले ती बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीपर्यंत, आणि पाण्याच्या काठाला बसून जीभ मातीनं घासली. घरी आले तर तोंडाला चिखल. आत्यानं विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं नाही. त्यानंतर माय समोरून आली की मी श्वास रोखून धरायची, ती पुढे गेल्यावर सोडायची.

आत्याविषयी मला खूप उशिरा कळलं, मी स्वतः दोन लेकरांची आई झाल्यावर. तिचं लग्न लहानपणीच झालं होतं आणि नवरा वर्षाच्या आत गेला. सासरच्यांनी कुठूनशी तिची पत्रिका काढून आणली आणि तिच्यातला मंगळ दाखवून तिला माहेरी आणून सोडलं. आपल्या मंगळानं माणूस खाल्ला, हे ती जन्मभर खरं मानत आली. जे तिच्या हातून झालं असं तिला वाटत होतं, ते माझ्या हातून होऊ नये म्हणून ती धडपडत होती. आता माझ्या सुनेच्या मोबाईलवर जन्मवेळ टाकली की पत्रिका उमटते. मी माझी पाहिली. चंद्र आणि शनी आहेत शेजारी, खोटं नाही. पण चंद्र भराभर चालतो, दर महिन्याला एकदा शनीला भेटून पुढे जातो, आणि तेवढ्या वेळात जगात जेवढी लेकरं जन्मतात त्या सगळ्यांच्या वाट्याला हीच युती येते. पुढं असंही वाचलं, की तिचं फळ ज्याची पत्रिका त्याच्याच मनाला मिळतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. मन भित्रं, उदास, एकटं. तेवढं मात्र माझ्या बाबतीत खरं झालं. ग्रहांनी केलं की ‘जपावं’ या शब्दानं केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

एकदा सांदवाडीत मायनं मला पकडलं. आत्या नव्हती. तिनं मला दोन गुडघ्यांत घट्ट धरलं आणि केस विंचरू लागली. मी डोळे मिटून, मूठ आवळून, श्वास कोंडून बसले. “काहून अशी लाकडासारखी झाली वं?” ती म्हणाली. “बोलत नाईस, बसत नाईस. मी काई केलं काय?” मी मान हलवली. तिनं वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. मला वाटत होतं, पुरे कर, जा आता, किती वेळ लागतो विष चढायला कोणाला माहीत.

धान कापणीला आलं तेव्हा मायची तब्येत सुधारली होती, त्यामुळे तीही बांधीत जात होती. त्या दिवसांत गावात सगळीकडे धानाच्या ओल्या तणसाचा वास असतो आणि विळ्यांचा खसखस आवाज दूरवरून येतो. कापलेलं धान वाळायला बांधीतच आडवं पसरून ठेवतात, त्याला आम्ही कडपा म्हणतो. दोन-तीन दिवसांनी तो उचलून भारे बांधायचे. शेतावर न्याहारी रोज आत्या न्यायची, पण त्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला होता. बाबा बैल न्यायला घरी आले होते, त्यांनी टोपली माझ्या डोक्यावर दिली. “बाबा, आज शनिवार हाये,” मी म्हटलं. “बांधावर ठेवून येजो,” ते म्हणाले. “जवळ नोको जाऊ.”

टोपलीत तांदळाच्या भाकरी होत्या, जवसाची चटणी आणि गाडग्यात आंबील. मी बांधावरून अगदी हळू चालले. माय पलीकडच्या टोकाला दोन बायांबरोबर कडपा उचलत होती. मी टोपली खाली ठेवली, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हाक मारली, “न्याहारी आणली!” हाक मारून पळायचं असं ठरवलं होतं. पण मायनं मला ओळखलं. “सुमी! थांब वं, थांब!” तिच्या आवाजात एवढा आनंद होता की माझे पाय हलेनात. बांधावरून फेरा न घालता ती सरळ कडप्यातून माझ्याकडे यायला लागली. लुगडं खोचलेलं, हातात विळा, तोंडभर हसू. मधेच फुस्स असा मोठा आवाज झाला, लोहाराच्या भात्यासारखा, आणि ती थांबली. खाली पाहिलं. विळा हातातून पडला.

“चावलं मले,” ती म्हणाली. ओरडली नाही.

मी त्याला पाहिलं. जाडजूड, तपकिरी, पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस. कडप्याखालून निघाला आणि सावकाश, जसं काही झालंच नाही, बांधाच्या बिळात शिरला. बाया ओरडू लागल्या. बाबा बैल सोडून धावत आले आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून मायच्या पोटरीला बांधू लागले. आणि मी पळाले. मला एकच कळत होतं, की आज शनिवार आहे, माध्यान्ह व्हायची आहे, आणि ती माझ्याकडे येत होती.

शेजारच्या बांधीत भाऱ्यांचा ढीग रचून ठेवला होता, आम्ही त्याला पुंजणं म्हणतो. त्याच्यामागे मी अंग चोरून बसले. गावातून माणसं धावत आली, लंगडत आत्या आली. बंडी जुंपल्याचा आवाज आला. आत्या म्हणत होती, मांत्रिकाकडे न्या, बाजूच्या टोलीवर, त्या छोट्या वस्तीवर आहे, लगेच उतरवतो. कोणी म्हणत होतं, भंडाऱ्याला न्या. मग मायचा आवाज आला, तोतरा, जड झालेला.

“दवाखान्यात न्या मले. सुमी कोठी हाये?”

“तिले कायले पायजे आता?” आत्या रडत म्हणाली. “तिले दूर राहू दे, माय वं, तुह्या पाया पडतो.”

“तिले आणा. तिच्याबिगर बंडी हालू देनार नाई मी.”

बाबांनी मला शोधून काढलं. उचलून आणत होते तर मी त्यांच्या दंडाला चावले, लाथा झाडल्या. बंडीजवळ आल्यावर माय दिसली, तणसावर आडवी, पाय घोट्यापासून सुजून निळा, आणि मला जे इतके दिवस कोणाला सांगता आलं नव्हतं ते सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. “मी नाई येत! माह्यात विष हाये! मी हात लावला तं तू मरशीन!”

मायनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, खूप वेळ. आत्यानं पदर तोंडात कोंबला.

“म्हनून तू श्वास दाबून ठेवत होती?” माय मला म्हणाली. म्हणजे तिला ते दिसत होतं. “बस अथी. माह्याजवळ बस.” आणि तिनं माझं मनगट धरलं. काय पकड होती ती! बंडी हलली, गचके बसू लागले, मी हात सोडवायला ओढत होते आणि ती सोडत नव्हती. “विष सापाच्या दातात असते, पोरी,” ती म्हणत होती. “तुह्या दातात का हाये? दाखव. आ कर.” मी तोंड उघडलं. तिनं खरंच आत पाहिलं. “काई नाई. किडलेला एक दात हाये फक्त.”

मोठ्या रस्त्यावर बाबा हात जोडून मधोमध उभे राहिले तेव्हा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर हिंदी बोलणारा होता, त्यानं पाय पाहिला आणि काही न विचारता केबिनमध्ये जागा करून दिली. कारध्याचा पूल आला. खाली वैनगंगेचं पाणी उन्हात चकाकत होतं. मायच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं, ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळत होतं, आणि ती ते पदरानं पुसून मला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे करत होती. तिच्या बोटांची पकड ढिली होते आहे असं मला वाटलं. आणि मग मीच तिचा हात धरला. हिंमत आली म्हणून नाही. जिवाच्या भीतीनंच धरला, तो सुटला तर ती जाईल असं वाटून. त्याच दिवशी सकाळपर्यंत मात्र उलटं, मी धरला तर ती जाईल असं वाटत होतं.

दवाखान्यात तिला इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. नर्सबाई म्हणाल्या, पोरीचा हात सोडा, सुई टोचायची आहे. माय म्हणाली, दुसऱ्या हाताले टोचा. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं की इतक्यात काही सांगता येत नाही, रक्त पातळ झालं आहे, किडनीवर जाऊ शकतं. पुढचे दिवस मी त्या पलंगाखाली आणि पलंगाशेजारी काढले. बाबा धान आणि बैल बघायला जाऊन-येऊन करत. पाय मांडीपर्यंत काळानिळा झाला, त्यावर फोड आले. माय कधी शुद्धीत असे, कधी बरळत असे. शुद्धीत असताना एकदा म्हणाली, “तुह्या आत्यानं महाराजाले दिवेलागण सांगितली ना? ती तवा घरी नोहोती. तू सकाळी झाली, दव असताना. कोंबडं आरवत होतं.” हे खरं होतं की माझी समजूत घालायला रचलेलं, ते मी तिला पुढं कधी विचारलं नाही. वेळ बदलली तरी चंद्र-शनी शेजारीच राहतात, एवढंच की ते पत्रिकेतल्या मायच्या घरातून दुसऱ्या कोणत्या घरात जातात. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त तिच्या पोटाकडे पाहत राहायची, पांघरूण वर-खाली होतं आहे ना, एवढंच.

आत्या एकदा आली. वॉर्डाच्या दारात उभी राहिली, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पुरचुंडी. आत येईना. मायनं बोलावलं तेव्हा आली आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली, “तू सोलून दे तुह्या मायले,” म्हणाली. मी सोललं. मायनं माझ्या बोटांतून खाल्लं, आत्याकडे बघत, सावकाश चावून. आत्या शेवटपर्यंत उभीच होती.

मग एका सकाळी मी जागी झाले तर पलंग रिकामा होता. चादर विस्कटलेली, सलाईनची बाटली लोंबकळत, नळी तशीच खाली. शेजारच्या पलंगावरची बाई झोपलेली. आदल्याच दिवशी कोपऱ्यातल्या एका आजोबांना पांढऱ्या कापडात गुंडाळून नेलं होतं आणि त्यांचाही पलंग असाच दिसत होता. मी वॉर्डातून धावले, दारातून बाहेर, लांब व्हरांड्यात, आणि पहिल्या खांबाला आदळून पडले.

व्हरांड्याच्या टोकाला भिंत धरून कोणीतरी एका पायावर उभं होतं.

“पडली काय वं?” माय म्हणाली. “काहून रडून राहिली?”

“मले वाटलं तू...”

“मुतायले गेली होती मी,” ती रागानं म्हणाली, “मरायले नाई.” सुजलेला पाय तिनं फरशीवर टेकवून पाहिला आणि कळ लागून वर उचलला. घामानं तिचा चेहरा निथळत होता. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते, पुढे जावं की नाही ते न कळून.

“पाहत काय राहिली?” ती म्हणाली. “ये अथी. मले एकटीनं चालवत नाई.”

मी गेले. तिनं हात माझ्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार माझ्यावर सोडला. मी वाकले, पण पडले नाही. तशाच आम्ही वॉर्डापर्यंत आलो.